ऑनलाइन लिलावात बंदूक घेताना सेल्स टॅक्स आणि बाकीची शुल्कं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टेक्सासमध्ये राहतो. पोटापाण्यासाठी लोकांचे टॅक्स रिटर्न भरतो आणि उरलेल्या वेळात जुन्या लष्करी रायफली जमवतो. त्यामुळे मंडळातल्या ओळखीच्यांचे, आणि त्यांच्याही ओळखीच्यांचे, हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक प्रश्न बोली जिंकल्यानंतर येतात. ते आधी आले असते तर पैसे वाचले असते, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. इथलं सगळं अमेरिकेतल्या खरेदीबद्दल आहे. दर आणि शुल्कं बदलत राहतात, तेव्हा बोली लावायच्या दिवशी आपल्या राज्याच्या महसूल खात्याच्या साइटवर एकदा नजर टाकाच.

१. मी ६०० डॉलरला बोली जिंकलो. हातात बंदूक येईपर्यंत एकूण किती जातील?

डॅलसजवळच्या प्लेनोचं उदाहरण घेऊ. तिथे राज्याचा ६.२५ टक्के आणि स्थानिक २ टक्के मिळून ८.२५ टक्के सेल्स टॅक्स आहे. बोली ६०० आणि शिपिंग ३५ मिळून ६३५ झाले. टेक्सासमध्ये शिपिंगवरही कर लागतो, म्हणून ६३५ वर ८.२५ टक्के, म्हणजे ५२.३९. झाले ६८७.३९. बंदूक घरी येत नाही, ती लायसन्सधारक डीलरकडे येते. त्याची ट्रान्सफर फी ३० धरली तर ७१७.३९.

आता विकणाऱ्याने कार्डासाठी ३ टक्के जादा लावले असतील तर ६३५ चे ६५४.०५ होतात, त्यावर कर ५३.९६, आणि डीलरची फी धरून बेरीज ७३८.०१ वर जाते. बोलीच्या आकड्यापेक्षा १३८ डॉलर जास्त.

हिशोब उलटा करायची सवय लावा. समजा एकूण ७०० च्या वर जायचं नाही. त्यातून डीलरचे ३० वजा केले, उरले ६७०. त्याला १.०८२५ ने भागलं की ६१८.९४. त्यातून शिपिंगचे ३५ गेले की ५८३.९४. म्हणजे तुमची शेवटची बोली ५८३, आणि पैसे मनी ऑर्डरने. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी वर चढवत नेलं तरी त्या कागदाच्या पुढे जाऊ नका.

२. स्क्रीनवर दिसते त्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो का?

नाही. आपल्याला एमआरपीची सवय असते. पाकिटावर छापलेल्या किमतीत सगळे कर आलेले असतात. अमेरिकेत कर वरून लागतो, आणि तो जागेप्रमाणे बदलतो. एकाच रायफलवर बोली लावणाऱ्या दहा जणांचे कर दहा वेगळे असू शकतात. म्हणून साइट तो बोलीत दाखवूच शकत नाही. चेकआउटच्या वेळी पत्ता टाकल्यावर दाखवते.

३. कुठल्या राज्याचा दर लागतो? विकणाऱ्याच्या, माझ्या की डीलरच्या?

साधारण नियम असा, की माल जिथे खरेदीदाराच्या ताब्यात येतो तिथला दर. बंदूक तुमच्या डीलरच्या काउंटरवर ताब्यात येते, म्हणून त्या डीलरचा पत्ता धरला जातो. डीलर आणि तुम्ही एकाच राज्यात असाल, पण वेगळ्या शहरात, तर दरात थोडा फरक पडू शकतो. उदाहरणार्थ, पेनसिल्व्हेनियाचा दर ६ टक्के आहे, पण फिलाडेल्फिया शहरात तो ८ टक्के होतो. न्यू जर्सीत ६.६२५, मिशिगनमध्ये सरसकट ६. कॅलिफोर्नियाची सुरुवातच ७.२५ पासून होते.

अलास्का, डेलावेअर, मॉन्टाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन या पाच राज्यांत राज्याचा सेल्स टॅक्स नाही. अलास्कात मात्र काही गावं स्वतःचा कर लावतात. डीलर शेजारच्या राज्यात असेल तर प्रश्न १७ पाहा.

४. पूर्वी दुसऱ्या राज्यातून मागवलं की टॅक्स लागत नसे. मग आता का?

२०१८ पर्यंत तसंच होतं. विकणाऱ्याचं तुमच्या राज्यात दुकान, गोदाम किंवा माणूस नसेल तर राज्य त्याला कर गोळा करायला भाग पाडू शकत नव्हतं; १९९२ च्या क्विल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलं होतं. २१ जून २०१८ रोजी साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला. राज्यात ठरावीक प्रमाणाच्या वर विक्री होत असेल, तर तिथे पाऊल न ठेवताही कर गोळा करावा लागेल, असं ठरलं. साउथ डकोटाच्या कायद्यात ती मर्यादा वर्षाला १ लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार अशी होती.

त्यानंतर राज्यांनी आणखी एक कायदा केला. ज्या साइटवर व्यवहार होतो, त्या साइटनेच कर गोळा करून भरायचा. सेल्स टॅक्स असलेल्या राज्यांपैकी मिझुरी सगळ्यात शेवटी, १ जानेवारी २०२३ पासून यात आलं. म्हणून २०१७ मधल्या तुमच्या मित्राच्या पावतीवर कर नाही आणि तुमच्या पावतीवर आहे, यात साइटची काही लबाडी नाही.

५. विकणारा दुकानदार नाही, साधा माणूस आहे. बंदूकही जुनी आहे. तरी टॅक्स?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा राग मला समजतो. अनेक राज्यांत घरातली एखादी वापरलेली वस्तू विकली तर ती प्रासंगिक विक्री धरून सूट मिळते. शेजाऱ्याने गॅरेज सेलमध्ये खुर्ची विकली तर कुणी टॅक्स मागत नाही.

पण प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या कायद्यानुसार, मोठ्या लिलाव साइटवर झालेल्या विक्रीसाठी राज्य साइटलाच विक्रेता समजतं. विकणारा कोण आहे याने मग बहुधा फरक पडत नाही. नवी बंदूक असो की वापरलेली, सेल्स टॅक्सच्या हिशोबात दोन्ही वस्तूच. त्यामुळे विकणाऱ्याला संदेश पाठवून त्याच्याशी वाद घालू नका. कर त्याच्या खिशात जात नाही आणि माफ करणं त्याच्या हातात नाही.

६. शिपिंगवर टॅक्स कसा काय लागतो?

राज्याप्रमाणे. टेक्सास, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात करपात्र वस्तूचा डिलिव्हरी खर्चही करपात्र आहे. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनियात शिपिंग पावतीवर वेगळं दाखवलं असेल तर सहसा कर लागत नाही.

एका शब्दावर लक्ष ठेवा : हँडलिंग, म्हणजे पॅकिंग वगैरेचे पैसे. शिपिंग आणि हँडलिंग एकाच रकमेत दाखवलं की व्हर्जिनिया, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत शिपिंगची सूट अडचणीत येते, कारण हँडलिंग करपात्र आहे. विकणाऱ्याला दोन्ही आकडे वेगळे दाखवायला सांगा. लिलाव संपायच्या आधी सांगितलं तर बरेच जण ऐकतात.

७. एफएफएल म्हणजे काय आणि त्याची फी किती?

एफएफएल म्हणजे बंदुकांचा व्यवहार करायचं केंद्र सरकारचं लायसन्स. बोलताना लायसन्सधारक दुकानालाही एफएफएलच म्हणतात. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमुळे दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून घेतलेली बंदूक तुमच्या घरी थेट येऊ शकत नाही. ती तुमच्या राज्यातल्या एफएफएलकडे येते. तुम्ही ओळखपत्र घेऊन जायचं, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक व्हायचा, मग बंदूक हातात.

या कामाची ट्रान्सफर फी डीलर स्वतः ठरवतो. साधारण २० ते ७५ डॉलर धरा, मोठ्या शहरात जास्तही. ही फी लिलाव साइटच्या बिलात दिसत नाही. त्यावर सेल्स टॅक्स लागतो की नाही, हे राज्यागणिक वेगळं.

एफबीआयची नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झालेली चेकची यंत्रणा पैसे घेत नाही. पण काही राज्यं चेक स्वतः करतात आणि त्याचं शुल्क लावतात : फ्लोरिडात ५ डॉलर, न्यूयॉर्कमध्ये ९, वॉशिंग्टनमध्ये १८, व्हर्जिनियात रहिवाशांना २. न्यू जर्सीत तर बोली लावायच्या कितीतरी आधी खर्च सुरू होतो. तिथे खरेदीदाराच्या ओळखपत्राचे ५० डॉलर आणि प्रत्येक पिस्तुलाच्या परवान्याचे २५ लागतात. २०२२ च्या आधी हेच आकडे ५ आणि २ होते. तिथल्या एडिसन गावच्या लोकांनी परवाना हातात आल्याशिवाय पिस्तुलावर बोली लावूच नये. बोली जिंकली, पैसे भरले आणि परवाना आठवड्यांनी आला, तर तोवर डीलर साठवणुकीचे पैसे मागू शकतो.

पहिल्या खरेदीत मी डीलरला न विचारता त्याचा पत्ता टाकला होता. त्याने ऑनलाइन घेतलेल्या बंदुकांसाठी दुप्पट फी ठेवली होती, ती मला काउंटरवर कळली. एक फोन केला असता तर दोन मैलांवर अर्ध्या पैशात काम झालं असतं.

८. बायर्स प्रीमियम, कम्प्लायन्स फी, कार्डाचे ३ टक्के. हे सगळं वेगळं का?

तीन गोष्टी तीन लोक लावतात.

बायर्स प्रीमियम पारंपरिक लिलावगृहं लावतात, आणि त्यांचे लिलाव आता ऑनलाइनही चालतात. अंतिम बोलीवर १५ ते २५ टक्क्यांच्या आसपास तो असतो. हा प्रीमियम सहसा विक्रीच्या किमतीचाच भाग समजला जातो, म्हणून त्यावरही कर लागतो. १,००० ची बोली, २० टक्के प्रीमियम, झाले १,२००, त्यावर ८.२५ टक्के म्हणजे ९९. एकूण १,२९९, शिपिंग वेगळं. इथे पहिल्यांदा येणारा माणूस हमखास फसतो, कारण सामान्य साइटवर विकणारा कमिशन देतो आणि इथे घेणाराही देतो.

कम्प्लायन्स फी काही साइट खरेदीदाराकडून घेतात. ती साइटची फी आहे, सरकारचा कर नाही. साइटच्या शुल्कपत्रकात ती छापलेली असते, तिथे वाचा.

कार्डाचे जादा पैसे विकणारा लावतो. त्याऐवजी पोस्टाची मनी ऑर्डर पाठवली तर बरेच जण रोखीचा भाव देतात. पोस्टाची एक मनी ऑर्डर जास्तीत जास्त १,००० डॉलरची असते, त्याच्या वर दोन काढाव्या लागतात.

९. माझ्या पावतीवर टॅक्सच नाही. म्हणजे सुटलो का?

नाही. तुम्ही यूज टॅक्स देणं लागता. विकणाऱ्याने सेल्स टॅक्स घेतला नाही, आणि वस्तू तुमच्या राज्यात वापरासाठी आली, तर तेवढाच कर तुम्ही स्वतः भरायचा असतो. सेल्स टॅक्स असलेल्या बहुतेक राज्यांच्या आयकर फॉर्मवर यासाठी एक ओळ असते. टेक्साससारख्या राज्यात आयकरच नाही, तिथे वेगळा फॉर्म भरावा लागतो.

टॅक्सचं काम करणारा म्हणून सांगतो, ती ओळ लोक डोळे झाकून शून्य भरतात. बंदुकीच्या बाबतीत हे विशेष चुकीचं आहे, कारण डीलरच्या वहीत तुमचं नाव, तारीख आणि बंदुकीचा क्रमांक कायमचा लिहिलेला असतो. चाळीस-पन्नास डॉलरसाठी खोटी सही करू नका.

१०. कॅलिफोर्नियात एवढं महाग का पडतं?

तिथे एकावर एक थर आहेत. १ जुलै २०२४ पासून बंदुका, त्यांचे ठरावीक सुटे भाग आणि काडतुसांच्या किरकोळ विक्रीवर ११ टक्के राज्य अबकारी कर आहे. कायद्याने तो डीलरवर आहे, पण डीलर तो ग्राहकाकडून वसूल करतो, आणि वसूल केलेल्या त्या रकमेवर सेल्स टॅक्सही बसतो. शिवाय राज्याचं नोंदणी आणि चेकचं शुल्क ३७.१९ डॉलर, आणि दहा दिवसांची वाट.

डीलरनेच सगळे कर घेतले असं धरून ६०० ची बंदूक, स्थानिक दर ९ टक्के आणि डीलरची फी ७५ मांडून पाहा. ११ टक्क्यांचे ६६ मिळून ६६६, त्यावर ५९.९४, राज्याचे ३७.१९, डीलरचे ७५. एकूण ८३८.१३, आणि शिपिंग अजून धरलेलंच नाही.

राज्याबाहेरच्या, कॅलिफोर्नियात नोंदणी नसलेल्या दुकानाकडून बंदूक आली तर इथल्या डीलरवर कर वसूल करायची जबाबदारी येऊ शकते. पण लिलाव साइटने सेल्स टॅक्स आधीच घेतला असेल तर तो दुसऱ्यांदा देऊ नका. साइटची पावती छापून सोबत न्या. फोनवरचा स्क्रीनशॉट काही काउंटरवर चालत नाही.

आणि पिस्तूल असेल तर पैशांच्या आधी एक गोष्ट पाहा : ते राज्याच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का? नसेल तर लिलावातून मागवलेलं पिस्तूल सामान्य खरेदीदाराला सहसा मिळतच नाही.

११. आणखी कुठे असे खास कर आहेत? आणि कुठे सूट?

कोलोरॅडोत १ एप्रिल २०२५ पासून ६.५ टक्के अबकारी कर आहे. सिअ‍ॅटल शहरात किरकोळ विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे २५ डॉलर.

केंद्राचाही एक जुना कर आहे : पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर १० टक्के, बाकी बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के. तो उत्पादक किंवा आयातदार भरतो, म्हणून पावतीवर दिसत नाही. १९३७ च्या कायद्याने हा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे जातो. वापरलेल्या बंदुकीच्या पुनर्विक्रीवर तो पुन्हा लागत नाही.

सूट म्हणाल तर मिसिसिपीत ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवार ते रविवार बंदुकांवर सेल्स टॅक्स नसतो. फ्लोरिडाने २०२५ मध्ये ८ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर अशी लांबलचक सूट दिली होती.

१२. जुनी इशापूर रायफल घ्यायची आहे. सी अँड आर, म्हणजे जुन्या बंदुकांच्या संग्राहकाचं लायसन्स घेतलं तर टॅक्स वाचतो का?

टॅक्स वाचत नाही, ट्रान्सफर फी वाचते. इथे थोडं थांबून सांगतो, कारण मी या छंदात याच रायफलीमुळे आलो.

पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने साठच्या दशकात ली-एनफिल्डच्या घडणीवर ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली, तिला २ए आणि २ए१ म्हणतात. पुढे त्यातल्या पुष्कळ अमेरिकेत सरप्लस म्हणून आल्या. बोल्टच्या मागे, दस्त्याच्या गळ्याशी धातूच्या पट्टीवर आरएफआय ही अक्षरं आणि वर्ष ठोकलेलं असतं. माझ्या रायफलीवर १९६७ आहे. तेल लावलेल्या फडक्याने ती पट्टी पुसली आणि आकडे वर आले, तेव्हा ही वस्तू आपल्याकडून इतक्या लांब आली आहे हे पहिल्यांदा खरं वाटलं. जुनी .३०३ काडतुसं घेणाऱ्यांनी बुडाकडेही बघावं. के आणि एफ ही अक्षरं दिसली तर ते काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातलं आहे.

आता लायसन्स. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या बंदुका क्युरिओ अँड रेलिक या वर्गात येतात. संग्राहकाचं लायसन्स तीन वर्षांसाठी ३० डॉलरला मिळतं, आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे अशी बंदूक थेट तुमच्या पत्त्यावर येऊ शकते. दोन खरेद्यांत लायसन्सचे पैसे निघतात. स्वतःची नोंदवही मात्र नीट ठेवावी लागते. काही राज्यांत याहून कडक नियम आहेत, ते आधी पाहा.

दोन सावधगिरी. एक, इशापूरच्या पुष्कळ रायफली इथे आल्यावर नळी कापून आखूड कार्बाइनसारख्या केल्या गेल्या. त्या मूळ स्वरूपात राहिलेल्या नाहीत, म्हणून फोटोत नळीची लांबी आणि पुढचं लाकूड बघून घ्या. दोन, हे लायसन्स धंद्याचं नाही. ते दाखवून सेल्स टॅक्सची माफी मागता येत नाही (प्रश्न १९ पाहा).

१३. १८९८ च्या आधीची बंदूक असेल तर?

१८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्राच्या कायद्याने अँटिक ठरते. एफएफएल लागत नाही, ४४७३ लागत नाही, ती घरी येते. सेल्स टॅक्स मात्र लागतो. बनल्याचं वर्ष महत्त्वाचं, मॉडेलच्या नावातलं वर्ष नव्हे. १८९१ चं मॉडेल १९०५ मध्ये बनलेलं असू शकतं.

१४. बंदुकीचा आवाज कमी करणाऱ्या सप्रेसरवरचे २०० डॉलर गेले म्हणतात. खरं आहे का?

हो, १ जानेवारी २०२६ पासून. १९३४ पासून चालत आलेला २०० डॉलरचा ट्रान्सफर टॅक्स सप्रेसर, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन यांच्यासाठी शून्य झाला. मशीनगनसाठी तो २०० च राहिला. कर गेला तरी अर्ज, बोटांचे ठसे, फोटो आणि मंजुरी हे सगळं आहेच. राज्याचा सेल्स टॅक्सही आहे. काही राज्यांत सप्रेसर ठेवायलाच बंदी आहे.

१५. मी एच-१बी वर आहे. बोली लावू शकतो का?

टॅक्सचा प्रश्न नंतर, आधी हा. एच-१बी, एल-१, एफ-१ आणि असे इतर नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना केंद्राच्या कायद्याने बंदूक घेणं आणि बाळगणं दोन्ही मना आहे. मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या अमेरिकी राज्याचा चालू शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डधारक घेऊ शकतात, त्यांना फॉर्मवर आपला इमिग्रेशन क्रमांक लिहावा लागतो.

साइट तुमचा व्हिसा विचारत नाही. बोली लागते, पैसे जातात, आणि डीलरच्या काउंटरवर फॉर्म समोर येतो. तिथे खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा आहे आणि त्याने ग्रीन कार्डची वर्षानुवर्षांची रांग एका सहीत संपू शकते. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असेल तर बोलीच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. अपवाद तुम्हाला लागू होतो की नाही, हे व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही ठरवू देऊ नका, मलासुद्धा.

१६. माझं अजून जमत नाही, म्हणून मित्राने त्याच्या नावावर घेतली आणि पैसे मी दिले तर?

अजिबात नको. फॉर्म ४४७३ वर तुम्हीच खरे खरेदीदार आहात का, असा स्पष्ट प्रश्न आहे. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी घेणं याला स्ट्रॉ परचेस म्हणतात. २०२२ च्या कायद्याने त्याचा वेगळा केंद्रीय गुन्हा केला आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत ठेवली. अडकतो तो सही करणारा मित्र, आणि तुम्हीही.

स्वतःच्या पैशाने घेऊन खरीखुरी भेट देणं वेगळं. ते चालतं, पण घेणारा कायद्याने पात्र हवा आणि राज्याचे नियम पाळलेले हवेत. टॅक्स तुम्ही खरेदीच्या वेळी भरलेलाच असतो, भेटीवर पुन्हा लागत नाही.

१७. डेलावेअरमध्ये टॅक्स नाही. तिथल्या डीलरकडे मागवून पेनसिल्व्हेनियात आणली तर?

पिस्तूल असेल तर प्रश्नच मिटला. ते आपल्या राहत्या राज्यातल्या एफएफएलकडूनच घ्यावं लागतं. रायफल किंवा शॉटगन दुसऱ्या राज्यातल्या डीलरच्या काउंटरवर घेता येते, पण दोन्ही राज्यांचे कायदे पाळले जायला हवेत. पुष्कळ डीलर या भानगडीत पडत नाहीत.

डीलर तयार झाला तरी पेनसिल्व्हेनियाचा ६ टक्के यूज टॅक्स तुम्ही देणं लागताच, फिलाडेल्फियात ८. उलट, ज्या राज्यात घेतली तिथे रीतसर कर भरला असेल तर त्याची वजावट सहसा मिळते आणि फक्त फरक भरावा लागतो. भरण्याची पद्धत प्रश्न ९ मध्ये.

१८. बॅकग्राउंड चेकमध्ये अडकलो, किंवा बंदूक फोटोसारखी निघाली नाही. पैसे परत मिळतात का?

चेकचं उत्तर तीन प्रकारचं येतं : पुढे जा, थांबा, नाही. थांबा म्हणजे नकार नव्हे. तीन कामकाजी दिवसांत निकाल आला नाही तर केंद्राच्या कायद्याने डीलर बंदूक देऊ शकतो, पण काही राज्यांत आणि २१ वर्षांखालच्यांसाठी याहून जास्त थांबावं लागतं. नकार आला तर बंदूक परत पाठवायचा किंवा डीलरमार्फत विकायचा खर्च तुमचा, आणि ट्रान्सफर फी बहुधा परत मिळत नाही.

बंदूक पसंत नसेल तर फॉर्मवर सही करायच्या आधी सांगा. काउंटरवर टॉर्च मागा. नळीत बघा, बोल्ट मागेपुढे करा, क्रमांक पावतीशी जुळवा, लाकडाला चीर आहे का पाहा. ट्रान्सफर झाल्यावर बहुतेक विकणारे परत घेत नाहीत. परतावा मान्य झाला तर किमतीबरोबर घेतलेला सेल्स टॅक्सही परत यायला हवा. साइटमार्फत परतावा नोंदवला तरच तो येतो. विकणाऱ्याने परस्पर बँकेचा चेक पाठवला आणि साइटवर काही नोंदच केली नाही, तर टॅक्स मागायला तुमच्याकडे कागद उरत नाही.

१९. माझ्याकडे एफएफएल आहे. मला टॅक्स माफ ना?

एफएफएलने नव्हे, रीसेल सर्टिफिकेटने. दुकानात पुन्हा विकण्यासाठी घेत असाल तर राज्याची सेल्स टॅक्स नोंदणी आणि रीसेल सर्टिफिकेट साइटवर आधी चढवून ठेवा. त्या कागदावर घेतलेली बंदूक स्वतःच्या कपाटात ठेवली तर तिच्यावर यूज टॅक्स लागतो.

२०. भारतात परत जाताना रायफल बरोबर नेता येईल का? किंवा पुण्यातला भाऊ इथल्या साइटवर बोली लावू शकेल का?

भावासाठी उत्तर नाही असंच आहे. अमेरिकेतून बंदूक बाहेर पाठवायला सहसा निर्यात परवाना लागतो, आणि भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना व आयातीची बंधनं वेगळी. तुम्ही त्याच्यासाठी इथे घेणं म्हणजे प्रश्न १६ मधलीच गोष्ट, वर निर्यातीचा गुन्हा. कायमचं परत जाणार असाल तर सामान बांधायच्या कितीतरी आधी भारतीय कस्टम्सकडून लेखी उत्तर घ्या. माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी शेवटी इथेच डीलरमार्फत विकून टाकली.

२१. सासऱ्यांनी मृत्युपत्रात माझ्या नावाने शॉटगन ठेवली आहे. ते दुसऱ्या राज्यात होते. टॅक्स किती?

शून्य. विक्रीच झाली नाही, म्हणून सेल्स टॅक्स नाही, यूज टॅक्सही नाही. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेली बंदूक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात यायला केंद्राच्या कायद्याने एफएफएलही लागत नाही. तुम्ही बंदूक बाळगायला पात्र असलात की झालं. मृत्युपत्राची प्रत बंदुकीच्या कागदांबरोबर ठेवा. काही राज्यं अशा बंदुकीची नोंद मागतात. कॅलिफोर्नियात आई-वडील किंवा आजी-आजोबांकडून आलेली बंदूक ३० दिवसांच्या आत कळवावी लागते आणि त्याचं शुल्क १९ डॉलर आहे.